धाडसी कन्येचा फ्लेक्स

आमच्या कामाला कागदावर लांबलचक नाव आहे. त्यात 'किशोरवयीन' आहे, 'डिजिटल' आहे आणि 'सुरक्षितता'ही आहे. पण सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कुठल्याही शाळेत आम्ही पोचलो की शिपाई आत वर्दी देतो, "मोबाईलवाले आल्यात." कडेगावकडच्या एका शाळेत तर माझं बोलणं संपल्यावर एका शिक्षकांनी मला बाजूला घेतलं, खिशातून काच तडकलेला फोन काढला आणि कधीपर्यंत दुरुस्त होईल असं विचारलं. मी समुपदेशक आहे, सांगलीत राहते आणि माझाच फोन अडकला की भाच्याला हाक मारते, हे मी त्यांना सांगितलं. ते फार निराश झाले.

आम्ही तिघं. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारे एक सर आहेत, ते यंत्राचं बघतात. एक वकीलबाई आहेत, त्या कायद्याचं बघतात. उरलेलं माझ्याकडे येतं. उरलेलं म्हणजे मुलं, आया, बाप, चुलते आणि मुख्याध्यापक. आम्हाला तज्ज्ञ म्हणतात. मला राग लवकर येतो आणि समुपदेशकाला तो दाखवता येत नाही, म्हणून तो घरी आल्यावर भांड्यांवर निघतो. वकीलबाईंना तशी अडचण नाही. त्या जागच्या जागी चिडतात आणि मग दिवसभर प्रसन्न असतात.

कोरेगावच्या पुढे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस असलेलं एक गाव आहे. तिथल्या हायस्कुलात आमचं सत्र झालं आणि त्यानंतर काही दिवसांनी नववीतल्या एका मुलीच्या आईचा फोन आला. आधी तिने माझी तब्येत विचारली, मग सांगलीतल्या पुराची चौकशी केली. पूर येऊन बराच काळ लोटला होता. अशा चौकश्या लांबल्या की पुढे काय येणार याचा अंदाज येतो.

मुलगी पळायची. आठशे मीटर. रोज पहाटेच्या एसटीने चौकातून कोरेगावला मैदानावर जायची आणि तिथून परत येऊन शाळेला. तालुक्यात पहिली आली तेव्हाचा तिचा एक फोटो शाळेने आपल्या पानावर टाकला होता. अंगात पळण्याचा ड्रेस, केस सुटलेले, धाप लागलेली आणि तोंडभर हसू. कुणीतरी तो उचलला, त्यावर तिच्या नावाचं खोटं खातं उघडलं आणि खाली जे लिहायचं ते लिहिलं. मुलीने ते स्वतःच पाहिलं आणि आईला दाखवलं. आमच्या सत्रात सांगितलेलं होतं तसंच, घाबरून काही पुसलं नाही, उत्तर दिलं नाही, पडद्याचे फोटो काढून ठेवले. मला तिचं कौतुक वाटलं. शंभरात एखादंच मूल असं वागतं.

आईची अट एकच होती. "आवं मॅडम, घरात कळाय नको. हिचा बाप तिकडं बॉर्डरीला हाय, घरातलं समदं थोरलं दीर बघत्यात. त्यास्नी कळलं की पोरीचं पळणं बंद. शाळा चालू ठेवतील, पण पळणं बंद."

मी शब्द दिला.

मग आमचं नेहमीचं काम सुरू झालं. सरांनी तक्रार केली. कंपनीचं उत्तर आलं की तपासणी केली, नियमांचा भंग आढळला नाही. हे उत्तर यंत्र देतं असं सर सांगतात आणि आम्ही चिडू नये म्हणून सांगतात. वकीलबाईंनी पुन्हा तक्रार लिहिली, या वेळी त्यांच्या भाषेत. मुलीच्या वयाचा पुरावा लागला, त्यासाठी शाळेचा दाखला, आणि मूळ फोटो शाळेनेच टाकला होता याची खात्री करायला मुख्याध्यापकांची मदत. म्हणजे एक माणूस वाढला. मुख्याध्यापक सज्जन. त्यांनी शाळेच्या पानावरचा फोटो त्याच दिवशी काढून टाकला, मोठ्या आकारातला मूळ फोटो आम्हाला पाठवला आणि कानाला हात लावून म्हणाले, "माझ्याकडून कुठंही जाणार नाही." काही आठवड्यांनी ते खातं गेलं. शोधून पाहिलं, कुठे काही नाही. सरांनी आम्हा दोघींना पेढे दिले. सातासमुद्रापारच्या कंपनीकडून एका खेड्यातल्या पोरीचा फोटो उतरवून घेतला होता, पेढे खाण्यासारखंच काम होतं ते.

जानेवारीच्या शेवटी सरांनी मला फोनवर एक चित्र पाठवलं. त्यांच्या एका विद्यार्थ्याने स्टेटसला ठेवलेलं. खाली सरांनी एवढंच लिहिलं होतं : 'बघा.'

गावाच्या चौकात, एसटी थांबते तिथे, लोखंडी सांगाड्यावर एक फ्लेक्स होता. आमच्या भागात फ्लेक्सशिवाय आनंद होत नाही. बारसं, निवड, निवृत्ती, शर्यतीत बैलाचा नंबर, काहीही असो, चौकात फोटो लागला की ते खरं. या फ्लेक्सवर वरच्या रांगेत नेते होते, हात जोडलेले. खालच्या रांगेत शुभेच्छुक, त्यातले निम्मे गॉगल लावलेले. मधे लाल अक्षरांत मजकूर होता : 'सायबर गुन्हेगारांना धडा शिकवणाऱ्या आपल्या गावच्या धाडसी कन्येचे हार्दिक अभिनंदन.' आणि शेजारी पुरुषभर उंचीची ती मुलगी. तोच फोटो. पळण्याचा ड्रेस, सुटलेले केस, तोंडभर हसू. फ्लेक्सवाल्याने त्याच्या परीने भर घातली होती. तिचा रंग उजळवला होता आणि संगणकावर तिच्या डोक्यावर भगवा फेटा चढवला होता.

फोटोत फेरफार करणं किती सोपं आहे हे मुलांना दाखवायला आम्ही सत्रात एक नमुना वापरतो. याच्यापुढे तो नमुना काहीच नव्हता.

काय झालं होतं ते मी नंतर जुळवलं. प्रजासत्ताक दिनी शाळेत कुणाचा सत्कार करायचा, अशी बोलणी चालली होती. मुलीचे थोरले चुलते ग्रामपंचायतीत सदस्य. घरातही त्यांचाच शब्द चालतो. त्यांनी मुख्याध्यापकांना सहज विचारलं, "आमची पोरगी कशी हाय?" मुख्याध्यापकांनी गुपित फोडलं नाही. ते फक्त म्हणाले, "हुशार आहे. सायबरवाल्यांनाही ती पुरून उरली." म्हणजे त्यांनी झाकलं, पण एक कोपरा उघडा ठेवला. चुलत्यांच्या लेखी सायबर म्हणजे ओटीपी. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या एकाने त्यांनाच वर्षभरापूर्वी जवळपास गंडवलं होतं, ती बोच होतीच. आपल्या पुतणीने तसल्याच एखाद्याला पकडून दिलं, असं त्यांनी धरलं आणि त्यांची छाती फुगली. त्यांनी पदरमोड करून फ्लेक्स सांगितला. फ्लेक्सवाल्याला मोठ्या आकारातला फोटो हवा होता. तो मुख्याध्यापकांच्या फोनमध्ये होता आणि चुलत्यांनी मागितल्यावर त्यांना नाही म्हणता आलं नाही. सत्कार झाला, शाल आणि श्रीफळ दिलं, टाळ्या झाल्या. मुलगी स्टेजवर खाली मान घालून उभी होती, ती लाजतेय असं सगळ्यांना वाटलं.

आई त्या दिवशी पहिल्या ओळीत बसली होती. तिने मला फोन केला नाही. मी दिलेला शब्द चौकात टांगलेला बघितल्यावर कशाला करेल?

वकीलबाई ताबडतोब नोटीस काढायला निघाल्या. अल्पवयीन मुलीची ओळख अशी जाहीर करणं हा गुन्हा आहे, हे त्यांनी मला कलमासह ऐकवलं. मी म्हटलं, नोटीस आली की गावभर चर्चा होईल, आता अर्ध्यांना माहीत नाही ते सगळ्यांना होईल. आमचं भांडण झालं. सर मधे पडले आणि दोघींकडून बोलणी खाल्ली. शेवटी ठरलं, मी आधी जाऊन बघायचं.

मी गेले तेव्हा चौकात फ्लेक्स होता आणि घरात मुलगी होती. ती पळायला जात नव्हती.

धाडसी कन्येने नेमकं काय धाडस केलं हे लोक विचारणारच. फ्लेक्सखाली उभं राहून चुलते, म्हणजे गावाचे तात्या, ओटीपीची गोष्ट सांगत होते. तिथे कॉलेजला जाणाऱ्या पोरांपैकी कुणीतरी सांगितलं, "तात्या, ओटीपी न्हाई ओ. हिचाच फोटो आल्ता." आणि मग पुढचं. ज्यांनी ते खातं कधी बघितलं नव्हतं त्यांनी ते त्या संध्याकाळी शोधलं. सापडलं नाही, ते आमच्या पेढ्यांचं फळ. पण न सापडलेल्या गोष्टीचं वर्णन जास्त रंगतं, आणि ते रंगलं. तात्या घरी आले, मोटारसायकल लावली आणि घराच्या पुढच्या सोप्यात बसून राहिले. जेवायच्या आधी त्यांनी एवढंच सांगितलं, उद्यापासून मैदान बंद.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते माझ्याशी नीट बोलले. चहा झाला. मी सांगितलं की यात मुलीची काडीचीही चूक नाही, उलट ती शहाण्यासारखी वागली. त्यांनी मान हलवली. हे त्यांना मान्यच होतं.

"मग तिला पळायला का नाही पाठवत?"

"मॅडम, आता समद्यांनी बघितलंय तिला."

"तुम्हीच दाखवलंत," असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं. "मग फ्लेक्स तरी उतरवा," मी म्हटलं.

तिथे तात्या अडले आणि बघता बघता मीही अडले. फ्लेक्स उतरवला तर लोक म्हणणार, बघा, काहीतरी काळंबेरं होतंच. शिवाय वरच्या रांगेत नेते. त्यांचं तोंड मुदतीच्या आधी खाली घ्यायचं म्हणजे त्यांचा अपमान, आणि तो कुणी केला याची चौकशी. फ्लेक्स असा अधेमधे उतरत नाही, तो उन्हाने विटतो, नाहीतर वाऱ्याने फाटतो. "हात दाखवून अवलक्षण झालं बघा," तात्या म्हणाले. "मी भल्यासाठी केलं हो. मला वाटलं ओटीपीचं हाय." त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्यासारखा झाला. मी त्यांच्यावर रागावून गेले होते, तो राग तिथे राहिला नाही. पण मुलगी घरात कोंडलेली होती, ते काही बदललं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, आणि सुळी देणारा माणूसही रडवेला.

जाताना मला मुलगी अंगणात भेटली. ती कपडे वाळत घालत होती. मी विचारलं, कशी आहेस. ती म्हणाली, "बरी हाय." मग दोरीवरची ओढणी सरळ करत म्हणाली, "मॅडम, त्या फोटोला तक्रार करायची जागा हुती. ह्याला कुठं हाय?"

चौकात आल्यावर मी वकीलबाईंना फोन लावला आणि तिचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला.

उपाय वकीलबाईंना सुचला, त्यांना तो अजिबात आवडला नाही तरीही. चौकातला सांगाडा एकच. त्यावर नवा फ्लेक्स आला की तो जुन्यावरच ताणून बांधतात, जुना कुणी उतरवत बसत नाही. आणि नव्या फ्लेक्सला कारण लागतं ते वाढदिवसाचं. वरच्या रांगेतल्याच एका नेत्याचा वाढदिवस जवळ आला होता. आम्ही कोरेगावच्या फ्लेक्सवाल्याकडे गेलो. ज्या नेत्याचं नाव निघालं तरी वकीलबाईंचं कपाळ आठ्यांनी भरतं, त्याला त्यांनी स्वखर्चाने दीर्घायुष्य चिंतलं. 'कार्यसम्राट' लिहायचं का, असं फ्लेक्सवाल्याने विचारलं. वकीलबाई दात आवळून म्हणाल्या, "लिहा. मोठ्या अक्षरात लिहा." शुभेच्छुक म्हणून तात्यांचा फोटो घातला, तसं त्यांना आधी विचारलं होतं. ते लगेच हो म्हणाले. जुनाच फोटो, गॉगलवाला.

दुसऱ्या दिवशी चौकात नेत्याचा चेहरा लागला. मुलगी त्याच्या मागे होतीच, फेटा घालून. पण दिसत नव्हती. कुणी काही विचारलं नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सबद्दल कुणी काही विचारतच नसतं.

पळणं सुरू व्हायला आणखी काही आठवडे गेले. त्यात तिच्या बापाचा तिकडून आलेला फोन होता आणि आईचा अबोला होता. माझ्या फेऱ्याही होत्या, पण त्यांचा किती उपयोग झाला ते मला माहीत नाही. तात्यांनी तोडगा काढला. एसटी बंद, ते स्वतः मोटारसायकलवरून तिला मैदानावर नेणार. ती पळायची तोवर ते कडेला हाताची घडी घालून उभे राहायचे आणि कुणी खिशातून फोन काढला तरी त्याच्याकडे असं बघायचे की तो परत ठेवायचा. दुसऱ्या मुलींच्या आयांना हे बरं वाटलं. त्या आपल्या मुली तात्यांच्या भरवशावर सोडायला लागल्या. मला आमच्या सगळ्या सत्रांपेक्षा या एका माणसाच्या डोळे वटारण्याचा जास्त उपयोग होतो की काय, अशी शंका आली. पण ती मी अहवालात लिहिली नाही.

त्या शाळेत आमचं पुढचं सत्र पावसाळ्यात झालं. दरवेळी शेवटी आम्ही मुलांना सांगतो की कुणाला काही बोलायचं असेल तर थांबा. दरवेळी दोघंतिघं तरी थांबतात. या वेळी कुणी थांबलं नाही. वर्ग रिकामा झाला, बाकं सरकल्याचा आवाज संपला आणि आम्ही तिघं खडूच्या धुळीत उभे राहिलो. सर म्हणाले, पाऊस आहे, एसटी चुकेल म्हणून गेली असतील. मीही तसंच धरलं.

दिवाळीच्या आधी साताऱ्याला जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. मला तिथे काही काम नव्हतं, पण मुलगी पळणार होती म्हणून गेले. तात्या कुंपणापाशी त्यांच्या जागेवर, हाताची घडी घालून. आईने मला बघितलं, हात धरला आणि लोकांपासून थोडं लांब नेलं. "मॅडम, परत आलंय बघा," ती म्हणाली. "मला पण काल कळलं. हिला कवाचं ठाव हाय."

फ्लेक्सच्या त्या स्टेटसवरून कुणीतरी नवं खातं काढलं होतं. उजळ रंग, भगवा फेटा, आणि खाली पुन्हा तसलंच.

मुलगी पायाला पट्टी गुंडाळत खाली बसली होती. मी तिच्या शेजारी टेकले. वर्षभरात ती उंच झाली होती. मी विचारलं, कधीपासून आहे हे?

"पाऊस सुरू व्हायच्या आधीपासनं."

म्हणजे आम्ही त्या वर्गात उभे होतो तेव्हा तिला माहीत होतं. ती आमच्यासमोर दुसऱ्या बाकावर बसली होती, तिने टाळ्याही वाजवल्या होत्या. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. पहिल्या वेळी इतक्या शहाणपणाने वागलेली मुलगी.

"पहिल्यांदा लगेच सांगितलंस. या वेळी का नाही सांगितलंस? तात्या पळणं बंद करतील म्हणून?"

"न्हाई. तात्या आता काय बंद करत न्हाईत."

"मग? आम्ही काढलं नसतं असं वाटलं?"

"काढलं असतं की." ती पट्टीचं टोक आत खोचत होती. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ती मला समजावून सांगत होती. "पण काढल्यावर परत सत्कार झाला असता."

मैदानावर आठशे मीटरच्या मुलींना बोलावणं झालं. ती उठली, आईच्या पिशवीतून मोबाईल काढला, ते पान उघडलं आणि माझ्या हातात दिला.

"काढा," ती म्हणाली. "पर कुणाला सांगू नका. मी चांगलं केलं म्हनून बी नको."